निळा दिवा लागला म्हणजे पाणी शुद्ध झालं?

बेळगावजवळ कणकुंबीच्या डोंगरात पावसानं जोर धरला की मलप्रभा नदी गढूळ होते आणि खानापूर भागातल्या विहिरींनाही तांबूस पाणी येतं. मग घरोघरी यूव्ही, म्हणजे अतिनील किरणांचा, फिल्टर घ्यायचा विषय निघतो. गंमत अशी, की या यंत्राला गढूळ पाण्याचंच सगळ्यात जास्त वावडं.

आतला दिवा पाऱ्याच्या वाफेचा. त्याचा बहुतेक अतिनील प्रकाश 254 नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो, आणि जिवाणूचा डीएनए नेमका 260 च्या आसपासचा प्रकाश जोरात शोषतो. डीएनएच्या एकाच पट्टीवर थायमिन या घटकाचे दोन रेणू शेजारी असतील, तर ही ऊर्जा मिळताच ते एकमेकांना जोडले जातात. बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या विणकरांच्या मागावर ताण्याचे दोन धागे चिकटले की धोटा अडतो, तसंच डीएनएची नक्कल करणारं एन्झाइम तिथं अडतं. जिवाणू लगेच मरत नाही बरं का! काही काळ तो पोहतो, अन्नही घेतो, फक्त त्याची वीण थांबते. पोटात जाऊन वाढता येत नसेल, तर तो आपल्याला आजारी पाडू शकत नाही.

पण जिवाणूही काही कमी नाहीत. फोटोलायेज नावाचं एन्झाइम उजेडाच्या मदतीनं हे जोड सोडवतं, म्हणून डोस अपुरा पडला तर काही जिवाणू पुन्हा उभे राहतात. डोस म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले वेळ. दर चौरस सेंटिमीटरला 40 मिलिज्यूल हे प्रचलित प्रमाण आहे. ई. कोलाय हा जिवाणू त्याच्या पाव डोसातच गारद होतो, क्लोरीनला दाद न देणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवीही यात सापडतो. अडिनोव्हायरस मात्र चिवट, त्याला याच्या चौपटीहून जास्त लागतो.

आता गढूळ पाण्याकडं येऊ. मातीच्या कणाआड लपलेल्या जिवाणूपर्यंत प्रकाश पोचतच नाही. म्हणून आधी गाळणं, मग दिवा. फ्रान्समध्ये मार्सेयला 1910 साली शहराचं पाणी यूव्हीनं शुद्ध करायचा प्रयोग झाला, तिथंही पाणी आधी गाळून घेत. शिवाय क्लोरीनसारखा यूव्हीचा अंमल मागे राहत नाही. दिव्यापुढून गेलेलं पाणी उघड्या घागरीत ओतलं आणि त्यात हात बुडवून तांब्या भरला, की नवे जंतू आत.

साधी काच ही किरणं अडवते, म्हणून दिव्याभोवती क्वार्ट्झची नळी असते. बोअरच्या जड पाण्यानं तिच्यावर क्षाराचा थर बसतो. सर्व्हिसवाल्याकडून ती नळी पुसून घेता का, हे माझ्या मते फिल्टरच्या कंपनीपेक्षा महत्त्वाचं. दिवाही साधारण 9000 तासांत थकतो. डोळ्यांना दिसतो तो निळा उजेड वेगळा, जंतूंवर चालणारा 254 चा प्रकाश आपल्याला दिसतच नाही. त्यामुळं दिवा बदलायचा तो तास मोजून, उजेड बघून नव्हे.