खडा दिसला म्हणून पित्ताशय काढायचं का?

सोनोग्राफी केलेली असते भलत्याच कारणासाठी आणि अहवालात ओळ येते, ‘पित्ताशयात ८ मिलिमीटरचा खडा’. त्रास काहीच नाही. एक सर्जन म्हणतात काढून टाका, दुसरे म्हणतात राहू द्या. दोघांपैकी कोणीही मनचं सांगत नसतं. दोन्ही सल्ल्यांमागे जुना इतिहास आहे, आणि त्या इतिहासात खड्यांपेक्षा हत्यारंच जास्त वेळा बदलली आहेत.

अमेरिकेतल्या इंडियानापोलिसमध्ये १५ जून १८६७ रोजी सर्जन जॉन बॉब्ज यांनी अंडाशयाची गाठ समजून एका बाईचं पोट उघडलं. आत निघालं फुगलेलं पित्ताशय. त्यांनी ते चिरून बंदुकीच्या गोळ्यांसारखे खडे काढले आणि पिशवी शिवून जागेवर ठेवली. पुढे काही वर्षं हीच रीत चालली. अडचण एवढीच, की ठेवलेली पिशवी पुन्हा खडे धरायची.

बर्लिनच्या लाझारस रुग्णालयातल्या कार्ल लांगेनबुख यांनी वेगळा विचार केला. घोडा आणि हत्ती यांना पित्ताशय नसतं आणि त्यांचं काही अडत नाही. पित्ताशय काढूनही कुत्री जगतात, हे सतराव्या शतकातच दिसलं होतं. मृतदेहांवर सराव करून त्यांनी १५ जुलै १८८२ रोजी ४३ वर्षांच्या एका माणसाचं अख्खं पित्ताशय काढलं. दुसऱ्या दिवशी ताप नव्हता आणि रुग्ण चिरूट ओढत होता. सहा आठवड्यांनी तो घरी गेला. पित्ताशयात खडे आहेत म्हणून नव्हे, तर ते खडे बनवतं म्हणून काढायचं, हा लांगेनबुख यांचा युक्तिवाद आजही शिकवला जातो. हा माणूस सोळा वर्षं पोटशुळाने गांजलेला होता आणि त्यापायी त्याला मॉर्फिनची सवय लागली होती, हे मात्र सांगायचं राहून जातं.

अमेरिकन सर्जन विल्यम मेयो यांनी तर १९११ मध्ये ‘निरुपद्रवी’ खडा ही दंतकथाच असल्याचं लिहिलं. त्या काळी तसं वाटणं साहजिक होतं. साध्या एक्स-रेमध्ये शंभरातले जेमतेम १० ते १५ खडे दिसतात, कारण बाकीच्यांत पुरेसं कॅल्शियम नसतं. त्यामुळे त्रास घेऊन टेबलावर आलेला रुग्णच तेवढा मोजला जाई. खडा बाळगून सुखाने जगणारा कोणाच्या नजरेलाच पडत नव्हता. १९२४ मध्ये सेंट लुईसच्या ग्रॅहम आणि कोल यांनी पित्ताशयात उतरणारं रसायन देऊन एक्स-रे काढायची पद्धत आणली, तेव्हा चित्र थोडं उघडलं. १९७० च्या दशकात सोनोग्राफी आली आणि मूक खडे ढिगाने सापडू लागले.

त्याआधीपासूनच, एक्स-रेच्या त्या पद्धतीने मिशिगन विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांच्या नेमाच्या तपासणीत सापडलेल्या अशा १२३ जणांचा ग्रेसी आणि रॅन्सोहॉफ यांनी मागोवा घेतला. १९८२ मध्ये छापलेला निष्कर्ष असा: दुखणं सुरू होण्याची शक्यता ५ वर्षांत १० टक्के, १० वर्षांत १५ टक्के, २० वर्षांत १८ टक्के. त्रास झालेल्यांतही बहुतेकांची सुरुवात साध्या कळेने झाली, थेट गुंतागुंतीने नव्हे. ‘त्रास नसेल तर वाट पाहा’ हा सल्ला प्रामुख्याने इथून आला. आमच्या मते या सगळ्या इतिहासातला हाच सर्वांत महत्त्वाचा कागद आहे.

याच सुमारास खडे औषधाने विरघळवायचा प्रयत्न जोरात होता. आज त्यातलं अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड उरलंय. रोज वजनाच्या किलोमागे ८ ते १० मिलिग्रॅम, सहा महिने ते दोन वर्षं. ते चालतं फक्त लहान, कॅल्शियम नसलेल्या कोलेस्टेरॉलच्या खड्यांवर, आणि तेही पित्ताशयाची नळी मोकळी असेल तर. औषध थांबवल्यावर पाच वर्षांत जवळपास निम्म्या जणांना खडे पुन्हा होतात. ऑलिव्ह तेल आणि लिंबूरस पिऊन ‘खडे पडले’ म्हणून दाखवतात त्या हिरव्या मऊ गोळ्या तर त्याच तेलाचा आतड्यात झालेला साबण असतो. पुढच्या सोनोग्राफीत खडा जागच्या जागी सापडतो.

जर्मनीतल्या बोबलिंगेनमध्ये १२ सप्टेंबर १९८५ रोजी एरिच म्यूह यांनी पहिल्यांदा दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांची टर उडवली गेली. त्याच संस्थेने १९९२ मध्ये त्यांचा गौरव केला. मधल्या काळात ल्योंचे फिलिप मूरे आणि पॅरिसचे फ्रांस्वा द्युबुआ यांच्यामार्फत ही पद्धत जगभर गेली. मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये भारतातली पहिली अशी शस्त्रक्रिया केली.

पोटावरचा वीतभर छेद गेला, त्याबरोबर सर्जन आणि रुग्ण दोघांचाही संकोच गेला. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात १९८७–८९ मध्ये दरवर्षी हजार माणसांमागे १.६९ पित्ताशयं काढली जात. १९९२ मध्ये २.१७. चार-पाच वर्षांत खडे काही एवढे वाढत नाहीत. शस्त्रक्रियेमागे मृत्यू कमी झाले, पण शस्त्रक्रियाच वाढल्याने एकूण मृत्यू तेवढेच राहिले.

दुसरी किंमत यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या मुख्य पित्तनलिकेने मोजली. ती चुकून कापली जाण्याचं प्रमाण पोट उघडून करताना हजारात एक-दोन होतं, ते दुर्बिणीच्या सुरुवातीच्या काळात चार-पाचांपर्यंत गेलं. असं का होतं, हे बघण्यासारखं आहे. पित्ताशयाचं टोक वर यकृताकडे ओढलं आणि मानेकडचा भाग बाजूला ताणला नाही, तर पित्ताशयाची बारीक नळी आणि मुख्य नलिका एका रेषेत येतात. सूज असेल तर दोन्ही एकच वाटतात. सर्जन मुख्य नलिकेलाच क्लिप लावतो.

त्यावर अमेरिकेतले सर्जन स्ट्रासबर्ग यांनी १९९५ मध्ये नेमकी शिस्त सांगितली. कालो त्रिकोणातली, म्हणजे पित्ताशयाची नळी, मुख्य नलिका आणि यकृत यांच्यामधल्या जागेतली चरबी आणि चिकट ऊतक साफ करायचं, पित्ताशयाचा खालचा तिसरा भाग यकृतापासून सोडवायचा, आणि पित्ताशयात दोनच गोष्टी जाताना दिसल्या पाहिजेत, एक नळी आणि एक धमनी. तोवर काहीही कापायचं नाही. सुजेमुळे हे दिसतच नसेल तर पित्ताशयाचा काही भाग ठेवून द्यायचा किंवा पोट उघडायचं. ‘दुर्बिणीतून जमलं नाही’ असं नातेवाईक तक्रारीच्या सुरात सांगतात. बहुतेकदा ते सर्जनचं शहाणपण असतं.

या सगळ्यातून आज निर्णय असा होतो. पोटाच्या वरच्या भागात किंवा उजव्या बरगडीखाली चढत जाणारी कळ, अर्ध्या तासापेक्षा जास्त आणि काही तासांत ओसरणारी, कधी उजव्या खांद्याच्या फऱ्यात जाणारी, बऱ्याचदा रात्री येणारी आणि ॲसिडिटीच्या गोळीला दाद न देणारी: हे खड्याचं दुखणं. अशी कळ पुन्हा पुन्हा येत असेल तर शस्त्रक्रिया. नुसतं पोट फुगणं, ढेकरा, जळजळ ही खड्याची लक्षणं धरून पित्ताशय काढलं, तर ती बहुधा तशीच राहतात. नेदरलँड्समधल्या २४ रुग्णालयांत १,०६७ जणांवर झालेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नेहमीच्या पद्धतीने निर्णय घेतलेल्या गटातही वर्षभराने दहापैकी चौघांचं पोट दुखतच होतं.

ताप, कावीळ किंवा सहा तासांहून जास्त टिकणारी कळ असेल तर त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. सुजेच्या झटक्यात आधी सहा आठवडे थांबून मग शस्त्रक्रिया करत. आता प्रकृती झेपत असेल तर पहिल्या काही दिवसांतच करतात. खड्यामुळे स्वादुपिंडाला सौम्य सूज आली असेल तर त्याच भरतीत पित्ताशय काढणं बरं. मुख्य नलिकेत खडा असल्याचा संशय असेल, म्हणजे रक्तात बिलिरुबिन हे पित्तातलं रंगद्रव्य वाढलेलं किंवा नलिका ६ मिलिमीटरहून रुंद, तर आधी एमआरसीपी (पित्तनलिकांचा एमआरआय), आणि खडा निघाला तर साधारणपणे ईआरसीपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बीण घालून, काढून पुढचं पाऊल.

मूक खड्यालाही अपवाद आहेत: ३ सेंटिमीटरहून मोठा खडा, सोबत १० मिलिमीटर किंवा मोठा पॉलिप (आतल्या भिंतीवरची वाढ), भिंतीत साठलेलं कॅल्शियम. यामागे कर्करोगाची भीती आहे. उत्तर भारतात गंगेच्या पट्ट्यात पित्ताशयाचा कर्करोग जगातल्या चढ्या प्रमाणात आढळतो, म्हणून तिकडचे काही सर्जन मूक खड्यालाही हात घालतात. तोच नियम सातारा-कोल्हापूरला जसाच्या तसा लावायला आधार नाही. मधुमेह हे एकटं कारण आता धरत नाहीत.

विदर्भ आणि नंदुरबारकडच्या सिकलसेल रुग्णांचं गणित वेगळं. तांबड्या पेशी फुटत राहिल्याने त्यांना लहानपणीच रंगद्रव्याचे काळे खडे होतात आणि त्यांवर विरघळवण्याचं औषध चालत नाही. सिकलसेलच्या झटक्याची पोटदुखी आणि खड्याची कळ यांची गल्लत होते. शस्त्रक्रियेआधी शिरेतून पाणी, अंग गरम ठेवणं आणि बऱ्याचदा हिमोग्लोबिन १० पर्यंत आणायला रक्त लागतं, म्हणून ती घाईत उरकू नये.

काढलेलं पित्ताशय खड्यांच्या बाटलीसारखं नातेवाइकांच्या हाती द्यायची वस्तू नाही. आत लपलेला कर्करोग नाही ना हे तपासायला ते फॉर्मॅलिनमध्ये घालून पॅथॉलॉजीकडे गेलं का, हे त्याच दिवशी विचारावं आणि टाके दाखवायला जाल तेव्हा तो अहवाल मागून घ्यावा.