सायकलची अवजारं घेऊन विमानप्रवास: दाबोळी आणि मोपावर काय चालतं, काय अडतं

सॅडल बॅग, म्हणजे सीटखाली लटकणारी अवजारांची पिशवी, सायकलवरून काढली आणि जशीच्या तशी हँडबॅगेत टाकली, तर गोव्याचा दाबोळी विमानतळ असो वा मोपा, सिक्युरिटीच्या मशीनपाशी ती उघडली जाणार. मल्टिटूल (एकात अनेक अवजारं असलेलं घडीचं अवजार), ॲलन कींचा (षटकोनी टोकाच्या चाव्यांचा) संच, १५ नंबरचा पेडलचा पाना, चेन ब्रेकर (साखळीची कडी सोडवायचं अवजार), ट्यूबलेस पंक्चरचा टोच्या, यातलं काहीही केबिनमध्ये नेता येत नाही. बीसीएएस म्हणजे नागरी उड्डाण सुरक्षेचं केंद्रीय खातं. त्यांच्या मनाई यादीत हातोडी, करवत, ड्रिल, स्क्रू ड्रायव्हर यांच्या जोडीला पाने आणि पकडी आहेत, आणि नाव न घेतलेली इतर अवजारंही त्यातच धरली जातात. हीच अवजारं चेक-इन बॅगेत मात्र विनातक्रार जातात. त्यासाठी फॉर्म नाही, परवाना नाही, वेगळी फी नाही.

तरीही ‘परवानगीपत्र कुठून मिळेल’ हा प्रश्न सारखा येतो. अवजारं केबिनमध्ये न्यायला असं पत्र कुणीच देत नाही. एअरलाइनच्या हेल्पलाइनवरून कुणी ‘हो, चालेल’ म्हणालं असेल, तरी त्या उत्तराचा सिक्युरिटीत उपयोग नाही. हातातल्या सामानाचा निर्णय तिथला सीआयएसएफचा, म्हणजे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा कर्मचारी घेतो आणि तो त्या क्षणापुरता अखेरचा असतो. कस्टमर केअरवाल्यांनी हे फोनवरच स्पष्ट सांगितलं, तर किती लोकांचे पैसे आणि मनस्ताप वाचेल!

सात इंचांचा घोळ

बहुतेक लोक फसतात ते इंटरनेटवर वाचलेल्या अमेरिकन नियमामुळे. अमेरिकेत सात इंचांपर्यंतची अवजारं हातातल्या सामानात नेता येतात. युरोपात पातं किंवा दांडा सहा सेंटिमीटरपेक्षा लांब असेल तर अडतं. हे दोन्ही नियम खरे आहेत, पण ते तिथल्या विमानतळांवर. आपल्याकडच्या यादीत पान्या-पकडींना लांबीची अशी सवलत नाही. चार इंचांचं मल्टिटूलसुद्धा ट्रेमधून बाजूला काढलं जातं आणि मोबाइलवर परदेशी संकेतस्थळ दाखवून काही होत नाही.

परदेशातून मुंबई किंवा दिल्लीमार्गे गोव्याला येणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावं. तिकडून निघताना मल्टिटूल केबिनमध्ये आलं, म्हणून पुढेही येईल असं नाही. देशांतर्गत विमानाआधी पुन्हा सिक्युरिटी होते आणि तिथं ते काढून घेतलं जातं. कस्टम्ससाठी मुंबईत किंवा दिल्लीत मोठी बॅग हातात मिळाली, की ती पुढच्या विमानाला देण्यापूर्वी अवजार तिच्यात टाका. तेवढी एकच संधी असते.

लोखंड खाली, बॅटरी वर

गोंधळाचं मूळ इथं आहे. अवजारांचा नियम आणि बॅटरीचा नियम एकमेकांच्या बरोबर उलटे आहेत, आणि सॅडल बॅगेत दोन्ही एकत्र असतात. पाने चेक-इनमध्येच जायला हवेत. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातच हव्यात, चेक-इनमध्ये त्यांना सक्त मनाई आहे. इलेक्ट्रॉनिक गिअरची जादा बॅटरी ही सुटी बॅटरीच, त्यामुळे तीही हातात. टोकांना चिकटपट्टी लावून, वेगळ्या पाकिटात.

सिक्युरिटीत पाना अडला तर पाना जातो. सायकलच्या खोक्यात पॉवर बँक राहिली तर त्रास त्याहून मोठा. चेक-इन सामान तपासताना ती दिसते, तुमच्या नावाची घोषणा होते आणि चारही बाजूंनी टेप मारलेलं खोकं तुमच्यासमोर उघडावं लागतं. घोषणा ऐकू आली नाही तर विमान जातं आणि खोकं मागे राहतं. म्हणून टेप मारण्याआधी सॅडल बॅग पूर्ण रिकामी करून बघा. बाहेरून चाचपून भागत नाही.

बॅटरीवर वॅट-तासाचा, म्हणजे तिच्यात किती ऊर्जा मावते त्याचा, आकडा छापलेला असावा लागतो. १०० वॅट-तासांपर्यंत परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत एअरलाइनची संमती लागते आणि जास्तीत जास्त दोन नेता येतात. त्यापुढची बॅटरी प्रवाशाच्या सामानात जातच नाही. हिशेब सोपा आहे: मिलीॲम्पिअर-तास गुणिले व्होल्ट, भागिले हजार. २०,००० ची पॉवर बँक ३.७ व्होल्टने ७४ वॅट-तास होते, म्हणजे चालते. ३०,००० ची १११ होते, म्हणजे आधी विचारावं लागतं. ई-सायकलची ३६ व्होल्ट, १० ॲम्पिअर-तासांची बॅटरी ३६० वॅट-तासांची असते. तिला केबिन नाही आणि चेक-इनही नाही. छपाई पुसलेली जुनी पॉवर बँक क्षमतेने कितीही लहान असो, अडवली जाऊ शकते. ती घरी ठेवलेली बरी.

जे कुठेच चालत नाही

पंक्चर किटमधली सोल्यूशनची ट्यूब ज्वलनशील असते. इवलीशी असली तरी ती हातातही चालत नाही आणि चेक-इनमध्येही नाही. तिच्याऐवजी स्वतःच चिकटणारे पॅच घ्या, ते कुठेही चालतात. गंज सोडवायचा स्प्रे आणि चेन साफ करायचा स्प्रे यांचंही तेच. डब्यावर ज्वाळेचं चिन्ह दिसलं की पुढे विचार करायचं कारण नाही.

चेनचं थेंबाथेंबाने घालायचं तेल आणि ट्यूबलेसचं सीलंट (टायरच्या आत घालायचा, छिद्रं बुजवणारा द्रव) यांबाबत मात्र एक कागद लागू शकतो, जो जवळपास कुणाकडेच नसतो: उत्पादकाची सुरक्षा माहिती पत्रिका. काउंटरवर ‘यात काय आहे’ असं विचारलं, तर ‘तेल आहे’ या उत्तराने काम होत नाही. कंपनीच्या संकेतस्थळावरून पत्रिका उतरवा आणि तिचा चौदावा विभाग बघा. वाहतुकीची माहिती तिथं असते. ‘धोकादायक माल नाही’ अशा अर्थाची नोंद असेल तर ते पान छापून बाटलीसोबत चेक-इनमध्ये ठेवा. नोंद वेगळी असेल तर बाटली नेऊ नका.

हवा भरायची सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूची) काडतुसं हे सगळ्यात निसरडं प्रकरण आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मिलिलिटरपर्यंत क्षमतेची चार छोटी काडतुसं नेता येतात, पण एअरलाइनची मंजुरी असेल तरच. लोक पहिला अर्धा वाचतात आणि दुसरा सोडतात. सायकलवाल्यांची १६ ग्रॅमची काडतुसं मापात बसतात, मंजुरी मात्र प्रत्येक प्रवासाला, प्रत्येक एअरलाइनकडून, लेखी घ्यावी लागते. तीही मिळेलच असं नाही, आणि वाटेत विमान बदलताना पुन्हा अडवणूक होऊ शकते. लेहला किंवा बंगळुरूला निघाला असाल, तर साधा हातपंप चेक-इनमध्ये टाका आणि काडतुसं तिथं पोहोचल्यावर विकत घ्या.

प्लास्टिकचे टायर लिव्हर, ट्यूब, पॅच, चेनची जोडकडी, हेल्मेट, क्लीटचे (पेडलमध्ये अडकणारे) बूट हातात सहसा जातात. धातूचे लिव्हर, छोटा पंप, साखळी-कुलूप, सुट्या स्पोक यांचं समोरच्या कर्मचाऱ्यावर अवलंबून आहे. म्हणजे हातात ठेवूच नका.

वेळ कुठे चुकते

तिकिटावरची वेळ विमान सुटण्याची असते. देशांतर्गत विमानाचं चेक-इन काउंटर साधारण ६० मिनिटं आधी बंद होतं, आणि वेब चेक-इन केलं तरी सामान द्यायची मुदत वाढत नाही. सिक्युरिटीत मल्टिटूल सापडलं आणि काउंटर उघडं असेल, तर परत जाऊन ते चेक-इन करता येतं. बंद झालं असेल तर मल्टिटूल सोडायचं किंवा विमान सोडायचं, एवढंच उरतं. काढून घेतलेली वस्तू परतीच्या प्रवासात मिळेल अशी आशा धरू नका. सोडायला आलेल्याला तिकिटाशिवाय आत येता येत नाही, म्हणून ‘माझी सिक्युरिटी झाली’ असा फोन येईपर्यंत त्यांना बाहेरच थांबवा. एअरलाइनच्या माणसाच्या मदतीने वस्तू त्यांच्यापर्यंत पोहोचवता येते, पण त्यालाही वेळ हाताशी हवा.

आणि तिकिटावरचा कोड नीट बघा. जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. एक मुरगाव तालुक्यात, दुसरं पेडण्यात, मध्ये मांडवी आणि झुआरी दोन्ही नद्या. चुकीच्या ठिकाणी सायकलचं खोकं घेऊन उतरलात, तर काउंटरची वेळ पाळणं जवळपास अशक्य. मिरामारच्या ट्रायथलॉनसाठी बाहेरून आलेल्यांनी येताना आणि जाताना, दोन्ही कोड वेगवेगळे तपासावेत.

ओळखपत्र आणि बोर्डिंग पास नेहमीचेच; तिकिटावरचं नाव ओळखपत्राशी जुळू द्या.

फक्त हँडबॅगेचं स्वस्त तिकीट काढणाऱ्यांची अडचण खरी आहे, कारण त्यांच्याकडे अवजारं ठेवायला चेक-इनच नसतं. त्यांनी सामानाचे पैसे ऑनलाइन आधीच भरावेत, विमानतळावर ते सहसा महाग पडतं. नाहीतर पाने आठवडाभर आधी स्पीड पोस्टाने मुक्कामी पाठवा. काडतुसं आणि सोल्यूशन मात्र त्या पार्सलमध्ये घालू नका, टपालातही त्यांना मनाई आहे. सायकल भाड्याने घेणार असाल तर दुकानदाराला आधीच फोन करून चार, पाच आणि सहा मिलिमीटरची ॲलन की, पंप आणि दोन लिव्हर सायकलसोबत मागा.