कुत्र्याच्या नाकापासून फ्लूच्या विषाणूपर्यंत

प्राण्याच्या गळणाऱ्या नाकाची धास्ती माणसाने घेतली ती घोड्यांमुळे. ग्लँडर्स या रोगात घोड्याच्या नाकातून चिकट, पिवळसर स्राव वाहतो, नाकाच्या आत व्रण पडतात आणि जनावर खंगत जातं. तबेल्यात राबणारी माणसंही याच रोगाने दगावत, पण दोघांचा आजार एकच आहे हे वैद्यकाला पटायला बराच काळ लागला. १८३७ मध्ये पिएर रेये या फ्रेंच डॉक्टरांनी आजारी माणसाच्या जखमेतला स्राव घोड्याला टोचून ते सिद्ध केलं. १८८२ मध्ये फ्रीडरिश लोफलर आणि विल्हेल्म शुट्झ यांनी बर्लिनमध्ये त्याचा जिवाणू वेगळा केला. पुढे तपासणी, बाधित जनावरं मारण्याची सक्ती आणि मोटारींचं आगमन यांमुळे अनेक देशांतून ग्लँडर्स हद्दपार झाला. जनावराचं नाक गळतंय म्हणजे माणसाला धोका, ही समजूत मात्र मागे राहिली आणि ती सरसकट सगळ्या प्राण्यांना लावली गेली.

या समजुतीला खरा छेद दिला तो माणसाला न होणाऱ्या, कुत्र्यांच्या डिस्टेंपर या रोगाने. लहान पिल्लांचं नाक आणि डोळे गळू लागतात, ताप येतो, खोकला होतो, पुढे झटके येऊन पिल्लू मरतं. देवीची लस शोधणाऱ्या एडवर्ड जेन्नर यांनी १८०९ मध्ये या रोगाचं वर्णन लिहून ठेवलं आहे. १९०५ मध्ये आँरी कारे या फ्रेंच पशुवैद्यांनी आजारी पिल्लांच्या नाकातला पातळ स्राव जिवाणू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला. गाळून उरलेल्या पाण्यानेही निरोगी कुत्रे आजारी पडले. रोग विषाणूचा आहे, हे इथेच उघड झालं होतं. पण फार कुणी विश्वास ठेवला नाही. १९१० च्या सुमारास संशोधकांना या कुत्र्यांच्या श्वसनमार्गात एक जिवाणू सापडला आणि पुढची कित्येक वर्षं डिस्टेंपरचं खापर त्याच्यावरच फुटत राहिलं. तो जिवाणू म्हणजे आजचा बोर्डेटेला ब्राँकिसेप्टिका. कुत्र्यांच्या ‘केनेल कफ’ या संसर्गजन्य खोकल्याचं ते एक मोठं कारण आहे. प्रतिकारशक्ती खूप खालावलेल्या माणसालाही तो क्वचित गाठतो, पण डिस्टेंपर त्याच्यामुळे होत नाही.

हा वाद मिटला तो इंग्लंडमध्ये. शिकारी कुत्रे डिस्टेंपरने मरत होते म्हणून १९२३ मध्ये ‘द फील्ड’ या नियतकालिकाने निधी उभा केला आणि लंडनच्या मिल हिल भागात काम सुरू झालं. पॅट्रिक लेडलॉ आणि जॉर्ज डंकिन यांना फेरेट हा मुंगसाएवढा प्राणी उपयोगी पडला. त्याला डिस्टेंपर हमखास होतो आणि कुत्र्यांपेक्षा त्याला वेगळं ठेवणं सोपं असतं. विषाणूच कारण आहे हे त्यांनी नक्की केलं आणि लसही तयार केली.

मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाची वाटते ती यापुढची पायरी. १९३३ मध्ये फ्लूची साथ आली तेव्हा फेरेट हाताळण्याचा अनुभव मिल हिलच्या याच संशोधकांकडे होता. विल्सन स्मिथ, ख्रिस्तोफर अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी फ्लूच्या रुग्णांच्या घशातून घेतलेलं पाणी गाळून फेरेटच्या नाकात थेंबथेंब सोडलं. फेरेटना ताप आला, नाकं वाहू लागली आणि माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा हाती लागला. पुढे एका आजारी फेरेटने चार्ल्स स्टुअर्ट-हॅरिस या संशोधकाच्या तोंडावरच शिंक दिली आणि त्यांना फ्लू झाला. १९३६ मध्ये ही घटना प्रसिद्ध झाली. कुत्र्यांच्या आजारासाठी गोळा केलेल्या पैशांतून माणसाच्या रोगाची वाट सापडली. पशुवैद्यक आणि वैद्यक ही दोन वेगळी घरं मानणाऱ्यांनी एवढं उदाहरण तरी लक्षात ठेवावं.

फेरेटच्या यशामुळे सर्दीचाही विषाणू असाच सापडेल अशी आशा निर्माण झाली. ती फोल ठरली. अँड्र्यूज यांच्याच पुढाकाराने १९४६ मध्ये सॉल्सबरीजवळ सर्दीवर संशोधन करणारं केंद्र उभं राहिलं. पण साध्या प्राण्यांना माणसाची सर्दी काही केल्या होईना, म्हणून निरोगी स्वयंसेवकांच्याच नाकात थेंब सोडावे लागले. आपल्या बहुतेक सर्द्या ऱ्हायनोव्हायरसमुळे होतात, आणि त्यांतले बरेचसे विषाणू माणसाच्या पेशींवरच्या एका ठरावीक रेणूला चिकटूनच आत शिरतात. हा रेणू १९८९ मध्ये ओळखला गेला. मांजरांच्या सर्दीमागे मुख्यतः दोन विषाणू असतात: १९५७ मध्ये सापडलेला कॅलिसिव्हायरस आणि १९५८ मध्ये सापडलेला हर्पिसव्हायरस. हे दोन्ही मार्जारकुळातल्या प्राण्यांचे विषाणू. माणसाला त्यांची बाधा होत नाही. हर्पिस तर मांजराच्या मज्जातंतूंत आयुष्यभर दबा धरून राहतो आणि घर बदललं, नवं मांजर आलं की पुन्हा डोकं वर काढतो. तेव्हा मांजर आणि मूल एकाच आठवड्यात शिंकू लागले, तर बहुतेक वेळा तो योगायोग असतो.

काही संसर्ग मात्र दोघांनाही होतात, पण एकमेकांकडून नव्हे. क्रिप्टोकॉकस ही बुरशी मांजराच्या नाकात घर करते, नाकावर सूज आणते. माणसात ती फुप्फुसं आणि मेंदूपर्यंत जाते. १९५५ मध्ये ती कबुतरांच्या विष्ठेत आढळली. १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर तिची एक भगिनी-जात माणसं, मांजरं आणि कुत्रे यांना आजारी पाडू लागली. तिचा उगम निघाला झाडं आणि माती यांत. हवेतून श्वासाबरोबर आत जाणारे कण सगळ्यांसाठी सारखेच होते.

जिवाणूंची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. सुमारे एक-तृतीयांश माणसं स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू नाकात बाळगून असतात, बहुतेकांना त्याचा त्रास नसतो. त्याची औषधांना दाद न देणारी जात, म्हणजे एमआरएसए, १९६१ मध्ये नोंदली गेली. २००३ मध्ये एका जोडप्याची नोंद प्रसिद्ध झाली: दोघांचा एमआरएसएचा संसर्ग उपचारानंतरही उलटत होता. शेवटी घरच्या कुत्र्याचं नाक तपासलं, तिथे तोच जिवाणू निघाला. कुत्र्यावर उपचार झाल्यावर हे चक्र थांबलं. पण पाळीव प्राण्यांतला एमआरएसए बहुतेकदा माणसांच्या रुग्णालयांतल्या जातीचाच असतो, म्हणजे मुळात तो त्यांना आपणच दिलेला असतो.

ही उलटी दिशा फार उशिरा मान्य झाली. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात १९१८ च्या साथीत पशुवैद्य जे. एस. कोएन यांनी डुकरांना माणसांसारखाच फ्लू झाल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांच्यावर टीकाच झाली. त्याच आयोवात नोव्हेंबर २००९ मध्ये एका मांजराला घरातल्या आजारी माणसांकडून एच१एन१ या फ्लूच्या विषाणूची बाधा झाल्याचं तपासणीत निघालं. २०२१ मध्ये थायलंडमध्ये तर पूर्ण साखळी दिसली. कोव्हिड झालेल्या मालकांकडून मांजराला संसर्ग झाला, तपासणीसाठी नाकातला नमुना घेताना ते मांजर पशुवैद्य महिलेच्या तोंडावर शिंकलं आणि तिलाही कोव्हिड झाला. तिने मास्क आणि हातमोजे घातले होते, डोळ्यांना संरक्षण नव्हतं. मांजर, मालक आणि ती यांच्या विषाणूंची जनुकीय रचना जुळली. मांजराकडून माणसाला कोव्हिड झाल्याची ही पहिली पक्की नोंद.