शब्दविभाजन (इंग्रजी)

लांब इंग्रजी शब्दाचे उच्चारानुसार अक्षरांत किंवा अर्थानुसार घटकांत तुकडे पाडण्याची रीत. येथे ‘अक्षर’ म्हणजे लिपीतील चिन्ह नव्हे. एका स्वराभोवती जमणारा उच्चारखंड. दोन्ही विभागण्या जुळतातच असे नाही. ‘अनबिलीव्हेबल’ हा शब्द अर्थाने अन + बिलीव्ह + एबल असा तीन घटकांचा, पण बोलताना त्याची अन-बि-ली-व्ह-बल अशी पाच अक्षरे होतात आणि धातूचे शेवटचे व्यंजन प्रत्ययाला जाऊन मिळते. ‘हेलिकॉप्टर’ तर मुळापासून तुटला आहे. 1861 च्या सुमारास फ्रेंचमध्ये घडवलेल्या या शब्दात ग्रीक हेलिक्स (मळसूत्र) आणि प्तेरॉन (पंख) आहेत, म्हणजे जोड ‘हेलिको’नंतर येतो, बोलणाऱ्यांनी तो ‘हेलि’नंतर मानला, म्हणून ‘हेलिपॅड’ घडू शकला.

खरा वाद दोन स्वरांमधल्या एकट्या व्यंजनाचा. अठराव्या शतकातील इंग्रज शिक्षक टॉमस डिलवर्थ यांच्या अंकलिपीत (मुलांच्या वाचन-वर्णलेखनाच्या पुस्तकात) ‘हॅबिट’ हॅ-बिट असा तोडलेला असे. अमेरिकी कोशकार नोआ वेब्स्टरने 1783 च्या आपल्या अंकलिपीत तो हॅब-इट केला, कारण पहिल्या तोडीने मूल ऱ्हस्व स्वर दीर्घ वाचते. पुढे ध्वनिशास्त्रज्ञांतही एकमत झाले नाही. व्यंजने शक्यतो पुढच्या अक्षराच्या आरंभी घालावीत, असा एक पक्ष आहे. डॅनियल कान (1976) यांच्या मते असे व्यंजन दोन्ही अक्षरांत मोडू शकते, तर जॉन वेल्स (1990) ते अधिक आघाताच्या (बोलताना जोर पडणाऱ्या) अक्षराला जोडतात. आघाताचा ऱ्हस्व स्वर अक्षराच्या शेवटी उघडा राहत नाही, हे पाहता वेब्स्टर व वेल्स यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते.

मुद्रणात ओळीअखेरची तोड अमेरिकेत प्रायः उच्चारावर, ब्रिटनमध्ये व्युत्पत्तीवर बेतली जाई. ‘नॉलेज’ हा शब्द ब्रिटिश मुद्रक ‘नो’ (जाणणे) या धातूनंतर तोडत, अमेरिकी त्यापुढचा ‘एल’ही तोडीच्या आधीच्या भागात ठेवत. अर्थात उरलेल्या ‘लेज’चा उगम संदिग्धच आहे, त्यामुळे व्युत्पत्तीचा आधार येथे अर्धाच मिळतो.

संगणकीय अक्षरजुळणीसाठी फ्रँकलिन लियांग यांनी 1983 मध्ये स्टॅनफर्ड येथे, कोशातील शब्दांवरून 4,447 वर्णाकृतींचा (शब्द कोठे तोडता येतो हे दाखवणाऱ्या वर्णक्रमांचा) संच काढला. टेक (TeX) ही अक्षरजुळणीची संगणक प्रणाली तो वापरते. अपवाद अवघे 14. त्यांत ‘प्रेझेंट’ व ‘प्रॉजेक्ट’ आहेत. नाम आणि क्रियापद म्हणून त्यांची तोड वेगळी पडते, म्हणून ते तोडायचेच नाहीत असे ठरवले गेले.