स्कॉटने कुत्री नेलीच नाहीत?

‘ब्रिटिश आरमाराचा कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट दक्षिण ध्रुवावर कुत्री न घेताच गेला, म्हणून मेला’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

1910च्या मोहिमेत स्कॉटकडे तीसहून जास्त कुत्री होती, शिवाय 19 तट्टू आणि 3 मोटार-घसरगाड्या. यातली एक गाडी तर जहाजातून उतरवतानाच बर्फ फुटून समुद्रात गेली! कुत्र्यांनी ध्रुवाच्या वाटेवरच्या बिअर्डमोअर हिमनदीच्या पायथ्यापर्यंत ओझी ओढली, मग डिसेंबर 1911मध्ये ती परत फिरली. पुढचं ओढायचं काम माणसांनीच केलं.

कुत्र्यांवर त्याचा भरवसा कमी होता, हे मात्र खरं. स्कॉट तेराव्या वर्षी कॅडेट झालेला, पुढे टॉर्पेडोचा तज्ज्ञ. बर्फाशी त्याची खरी ओळख अंटार्क्टिकावरच्या ‘डिस्कव्हरी’ मोहिमेत (1901–04) झाली, आणि 1902च्या दक्षिणेकडच्या सफरीत खराब झालेलं खाणं खाऊन कुत्री एकामागून एक मेली. यात दोष कुत्र्यांचा नव्हताच, पण मनात अढी बसली ती बसलीच. उलट त्याचा नॉर्वेजियन प्रतिस्पर्धी आमुंडसेन 52 कुत्री घेऊन निघाला, कित्येक वाटेतच मारून उरलेल्यांना खाऊ घातली, आणि 14 डिसेंबर 1911ला ध्रुवावर पोचला. स्कॉट पोचला 17 जानेवारी 1912ला.

म्हणजे चूक शोधायचीच तर ती कुत्र्यांच्या वापरात शोधावी. स्कॉट ध्रुवावरून परतत असताना, मार्च 1912च्या सुरुवातीला, त्याचा सहकारी चेरी-गॅरार्ड कुत्र्यांची गाडी घेऊन वाटेवरच्या ‘वन टन’ या अन्नसाठ्यापर्यंत आलाही होता. काही दिवस थांबून तो परतला. स्कॉटचा शेवटचा तंबू त्या साठ्यापासून 11 मैलांवर सापडला.