नाताळचं झाड: राखणदाराच्या मजुरीपासून फ्रेझर फरच्या शेतापर्यंत

फ्रान्सच्या पूर्व सीमेवर, आल्सास प्रांतात, सेलेस्टा नावाचं एक जुनं गाव आहे. तिथल्या १५२१ सालच्या जमाखर्चात एक ओळ सापडते: संत थॉमसच्या दिवसापासून, म्हणजे २१ डिसेंबरपासून, झाडांवर पहारा ठेवल्याबद्दल वनरक्षकांना चार शिलिंग. नाताळच्या झाडाबद्दलच्या सर्वांत जुन्या लेखी नोंदींमध्ये या ओळीची गणना होते. भक्तिगीत नाही, प्रवचन नाही, खर्चाची नोंद. सणाच्या आधीचे चार दिवस लोक जंगलात शिरून झाडं तोडत होते आणि गावाला राखणदार ठेवावे लागत होते, एवढं त्यातून स्पष्ट कळतं.

पुढे १५६१ मध्ये त्याच भागातल्या आमेरश्विर गावाने नियमच केला: एका घराला एकच झाड, आणि तेही आठ पावलांच्या मापाचं. हे आठ पावलांचं माप मला विशेष वाटतं. आज अमेरिकेतल्या साध्या घराचं छत आठ फुटांवर असतं आणि बाजारात सर्वाधिक खप सहा-सात फुटी झाडांचा असतो. साडेचारशे वर्षांत झाड जंगलातून शेतात आलं, पण घरात मावण्याचा हिशेब फारसा हलला नाही.

मुळात फर हे सूचीपर्णी झाडच का? मध्ययुगीन युरोपात २४ डिसेंबर हा आदम आणि हव्वेचा दिवस मानत. त्या दिवशी स्वर्गातल्या बागेचं नाटक व्हायचं आणि त्यासाठी सफरचंदं लगडलेलं झाड लागायचं. ऐन हिवाळ्यात सफरचंदाची झाडं निष्पर्ण असतात. हिरवं म्हणून उरतं ते सूचीपर्णी झाड. मग फरलाच सफरचंदं बांधायची. १६०५ च्या सुमाराला स्ट्रासबुर्गच्या लोकांबद्दल एका प्रवाशाने लिहून ठेवलंय, की ते दिवाणखान्यात फरची झाडं उभी करतात आणि त्यांना रंगीत कागदाची गुलाबं, सफरचंदं, पातळ पापड्या, सोनेरी वर्ख आणि साखरेच्या वस्तू टांगतात. झाडावर पहिली मेणबत्ती प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने लावली ही गोष्ट सगळीकडे सांगितली जाते, पण त्याच्या काळातला तसा पुरावा नाही.

तरीही झाड पसरलं ते प्रामुख्याने ल्यूथरच्या अनुयायांच्या घरांतून. कॅथलिक घरांचा जीव गोठ्यात होता. संत फ्रान्सिसने १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी येशूजन्माचा देखावा मांडला, तेव्हापासूनची ती परंपरा. वसई आणि गोवा पोर्तुगिजांकडून ख्रिस्ती झाले, म्हणून आपल्याकडे नाताळ म्हटलं की आधी गोठा आणि दारातला चांदणीचा कंदील आठवतो. ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजच. झाड इथे उशिरा आलं आणि आलं तेव्हा फर नव्हताच. किनाऱ्यावर सुरूची फांदी चालली, शहरात कुंडीतला अरोकेरिया. पुण्यातल्या रोपवाटिकांत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून जे मिळतं ते पॅसिफिकमधल्या नॉरफोक बेटावरचं झाड आहे. कॅप्टन कुक १७७४ मध्ये त्या बेटावर उतरला, तेव्हा ती सरळसोट खोडं जहाजाच्या डोलकाठ्यांना कामी येतील असं त्याला वाटलं होतं. आणि खुद्द व्हॅटिकनच्या चौकात नाताळचं झाड पहिल्यांदा उभं राहिलं ते १९८२ मध्ये, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. तेव्हा आपल्याकडच्या कॅथलिक घरांत झाड नसे यात काहीच उणेपण नव्हतं.

जर्मन भाषकांच्या घरातली ही प्रथा जगाची झाली ती छापील चित्रामुळे. राणी व्हिक्टोरियाचा नवरा आल्बर्ट हा जर्मनीतल्या कोबुर्गचा. विंडसरच्या राजवाड्यात झाडाभोवती उभ्या राजकुटुंबाचं चित्र १८४८ मध्ये लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात आलं. दोन वर्षांनी तेच चित्र अमेरिकेतल्या एका महिला मासिकाने उचललं. राणीच्या डोक्यावरचा मुकुट पुसला, आल्बर्टच्या मिशा पुसल्या, आणि राजकुटुंबाचं साधं अमेरिकन कुटुंब झालं. न्यू इंग्लंडमधल्या ज्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ पासून बावीस वर्षं नाताळ साजरा करणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, त्याच न्यू इंग्लंडच्या जंगलांतून पुढे गाडीगाडीने झाडं शहरांकडे निघाली.

झाड विकत घ्यायची वस्तू झाली त्याचा किस्सा १८५१ चा. कॅट्सकिल डोंगरातल्या मार्क कार नावाच्या लाकूडतोड्याने झाडं तोडून बर्फावरून घसरत जाणाऱ्या दोन बैलगाड्यांत भरली आणि न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन मार्केटमध्ये आणली. पदपथाचा एक तुकडा एक डॉलर भाड्याने घेतला. बघता बघता सगळी झाडं गेली. पुढच्या वर्षी जागामालकाने भाडं शंभर डॉलर केलं, असं सांगतात.

त्यानंतरची पन्नास-साठ वर्षं म्हणजे जंगलातून तोडायचं, शहरात आणायचं आणि विकायचं. या धंद्यात माणसंही गेली. शिकागोत शूनमन भाऊ दरवर्षी मिशिगन सरोवराच्या उत्तर टोकाकडून जहाजात झाडं भरून आणत आणि क्लार्क स्ट्रीटच्या पुलाजवळ धक्क्याला लागून जहाजावरूनच विकत. मधे दलाल नाही, त्यामुळे भाव परवडणारा. लोक हर्मन शूनमनला ‘कॅप्टन सांता’ म्हणायचे. थोरला भाऊ ऑगस्ट १८९८ मध्ये अशाच फेरीत बुडाला, तरी हर्मनने धंदा सोडला नाही. नोव्हेंबर संपत आलेला, सरोवर खवळलेलं, आणि माल आजच पोचायला हवा, कारण २५ डिसेंबरनंतर त्या झाडाला जळणाचीच किंमत. नोव्हेंबर १९१२ मध्ये ‘राउझ सिमन्स’ हे तीन डोलकाठ्यांचं जुनं जहाज हजारो झाडं घेऊन मिशिगन राज्यातल्या थॉम्पसनहून निघालं. २३ तारखेला विस्कॉन्सिनच्या किनाऱ्यावरून ते संकटाचं निशाण फडकवत जाताना दिसलं. टू रिव्हर्सच्या बचाव ठाण्याची नाव मदतीला निघाली, पण तिला जहाज सापडलं नाही. कुणीही वाचलं नाही. पुढे कित्येक वर्षं कोळ्यांच्या जाळ्यात फरच्या फांद्या येत राहिल्या. १९२४ मध्ये मेणकापडात गुंडाळलेलं कॅप्टनचं पैशाचं पाकीट वर आलं. १९७१ मध्ये एका पाणबुड्याला बुडालेलं जहाज सापडलं, तेव्हा त्याच्या पोटात झाडांचे बुंधे अजून रचलेले होते.

हर्मनची बायको बार्बरा आणि मुली यांनी त्यानंतरही शिकागोत झाडं विकायचं काम चालू ठेवलं. नाताळच्या झाडाच्या इतिहासात राजवाड्यांचीच चित्रं फार दिसतात. मला मात्र या बाईबद्दल जास्त वाटतं.

शेती सुरू व्हायला विसावं शतक उजाडावं लागलं. १९०१ मध्ये न्यू जर्सीत ट्रेंटनजवळ मॅकगॅलिअर्ड नावाच्या शेतकऱ्याने नॉर्वे स्प्रूस या दुसऱ्या सूचीपर्णी झाडाची पंचवीस हजार रोपं लावली आणि सात-आठ वर्षांनी एकेक डॉलरला विकली. अमेरिकेतलं नाताळच्या झाडांचं पहिलं शेत ते हेच मानतात. पुढे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट हेही हाइड पार्कच्या आपल्या जमिनीत ही झाडं लावत. स्प्रूस दिसायला देखणा, पण घरातल्या उबेत त्याच्या सुया लवकर झडतात. गालिच्यावर पडलेल्या या सुयांनीच पुढचा इतिहास घडवला. गिऱ्हाइकाला न झडणारं झाड हवं होतं. युरोपात ते नॉर्डमन फरच्या रूपात मिळालं. डेन्मार्कच्या शेतांत वाढणाऱ्या या झाडाचं बी मुख्यतः जॉर्जिया देशातल्या कॉकेशस डोंगरातून येतं. अमेरिकेच्या पूर्वेकडे ती जागा फ्रेझर फरने घेतली.

फ्रेझर फरबद्दल जरा थांबून सांगायला हवं. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात राहतो आणि हे झाड इथल्याच डोंगरांतलं. दक्षिण ॲपलाचियन पर्वतरांगेतल्या मोजक्या शिखरांवर, साधारण दीड हजार मीटरच्या वर, ते रानात उगवतं. जगात दुसरीकडे नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस जॉन फ्रेझर या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने ते हेरलं, म्हणून हे नाव. डोंगरातले लोक त्याला ‘शी-बाल्सम’ म्हणजे मादी बाल्सम म्हणत, कारण सालीवर राळेचे फोड येतात आणि दाबले की दुधासारखी धार लागते. सुया आखूड, मऊ, खालच्या बाजूला चांदीची झाक. फांद्या किंचित वर वळलेल्या आणि ताठ, म्हणून जड शोभेची वस्तूही टांगता येते. आणि पाणी मिळत राहिलं तर महिनाभर सुई सोडत नाही.

या झाडाचं रानातलं नशीब मात्र वाईट. युरोपातून आलेला एक मावासारखा बारीक कीटक १९५७ मध्ये माउंट मिचेल शिखरावर आढळला. तो सालीला चिकटून रस शोषतो आणि काही वर्षांत झाड उभ्याउभ्या वाळतं. आजही त्या शिखरांवर जाणाऱ्याला हिरव्या कोवळ्या झाडांमध्ये करडे सांगाडे उभे दिसतात. रानातला फ्रेझर फर आज जागतिक यादीत संकटग्रस्त म्हणून नोंदलेला आहे, आणि खालच्या ॲश, एव्हरी, ॲलेगनी, वटौगा या काउंट्यांतल्या उतारांवर तोच लाखोंनी लावलेला आहे. शेतातलं झाड कापावं की नाही यावर दरवर्षी वाद होतो. मला तो उसाच्या तोडणीवर वाद घालण्यासारखा वाटतो. एक कापलं की तिथे दुसरं रोप लागतं. काळजी करायची तर रोन माउंटनसारख्या शिखरांची करावी, कारण शेतकऱ्यांचं चांगलं बी तिथल्या रानझाडांपासून आलं आहे. फरचं फळ फांदीवर उभं असतं आणि पिकलं की तिथल्या तिथे विस्कटून जातं, त्यामुळे ते वेळेवर उतरवून आणावं लागतं. रान गेलं तर ती खाणच गेली.

बी पेरल्यापासून सातफुटी झाड हाती यायला बारा वर्षं लागतात. पहिली काही रोपवाटिकेत, मग सात-आठ शेतात. ऐन उन्हाळ्यात प्रत्येक झाडाची हाताने छाटणी होते, लांब पात्याच्या सुऱ्याने, वरून खाली. आपण ज्याला झाडाचा नैसर्गिक डौल समजतो तो या छाटणीचा आहे. उतारावर दिवसभर सुरा चालवणारे बहुतेक हात मेक्सिकोतून हंगामी परवान्यावर आलेल्या मजुरांचे असतात. निचरा नसलेल्या जमिनीत मूळकुज लागली की त्या जागी पुन्हा फर लावता येत नाही. इतक्या लांब मुदतीच्या पिकाला बाजाराचा अंदाज बांधणं अवघड. २००८ च्या मंदीत भाव पडले, अनेकांनी रोपं कमी लावली किंवा शेतीच सोडली. त्याचा परिणाम गिऱ्हाइकाला जाणवला तो २०१६-१७ च्या आसपास, झाडं कमी आणि भाव चढे. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने याच डोंगरांत दरडी पाडल्या आणि तोडणीला जेमतेम सहा-सात आठवडे असताना रस्ते वाहून गेले.

नोव्हेंबरअखेरचा थँक्सगिव्हिंगचा सण झाला की आमच्या गावात चर्चच्या अंगणात झाडं येतात. ट्रकमधून जाळीत आवळलेली, मग सोडून उभी केलेली. पहिल्या वर्षी आम्ही उंची आणि रंग बघून झाड उचललं आणि तसंच स्टँडमध्ये बसवलं. ते पाणी पीतच नव्हतं. २० डिसेंबरपर्यंत खाली सुयांचा सडा. कारण नंतर कळलं: कापलेल्या तोंडावर राळ सुकते आणि वाट बंद होते. विकत घेताना बुंध्याची दोन-अडीच सेंटीमीटरची चकती नव्याने कापून घ्यायची आणि झाड लगेच पाण्यात ठेवायचं. बुंध्याच्या जाडीच्या दर इंचामागे दिवसाला लिटरभर पाणी लागेल असा हिशेब धरायचा. पाणी कापाच्या खाली गेलं की पुन्हा तोंड बंद. स्टँडमध्ये बसत नाही म्हणून कडेची साल तासायची नाही, कारण पाणी बाहेरच्या थरांतूनच चढतं.

पुढच्या वर्षी आई पुण्याहून आली होती. देठाशी वास घेऊन हापूस पारखावा तशी ती एकेका झाडापाशी थांबली. विक्रेत्याने तिला फांदी दोन बोटांत धरून टोकाकडे हलकेच ओढून दाखवली. हाताला सुया आल्या तर झाड जुनं. आतली थोडी तपकिरी पानगळ मात्र साहजिक आहे, म्हणाला. मग झाड उचलून बुंधा जमिनीवर आपटला. चौथ्या झाडाला एकही हिरवी सुई पडली नाही. आईने ते हातात धरून वजन पाहिलं, बोटाला लागलेला चीक हुंगला आणि म्हणाली, “हेच घे. ओलं आहे अजून.”

करवतीने बुंध्याची चकती पडली ती मुलीने उचलली. घरी आल्यावर टाचणीचं टोक फिरवत तिने कड्या मोजल्या. मधल्या तीन-चार अगदी दाटीच्या, रोपवाटिकेतल्या असाव्यात, मग शेतातल्या रुंद. अकरा भरल्या. ती तेव्हा नऊ वर्षांची होती.