यकृताचा जुनाट आजार आणि अंगावरच्या खुणा : पार्श्वभूमी

मराठवाड्यात यकृताच्या आजाराला लोकांच्या तोंडी एकच नाव आहे, ते म्हणजे कावीळ. डोळे पिवळे दिसले की जाणत्याकडून कावीळ उतरवून घ्यायची, माळ घालायची, असा अनेक घरांतला रिवाज आहे. ‘ए’ आणि ‘ई’ विषाणूंची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते, त्यामुळे श्रेय माळेला मिळते. पण दारू किंवा ‘बी’ आणि ‘सी’ विषाणूंमुळे यकृत वर्षानुवर्षे निबर होत जाते, तेव्हा पिवळेपणा पुष्कळदा फार उशिरा येतो. त्याआधी त्वचा, नखे आणि केस जे दाखवतात, त्याला आपल्याकडे रूढ शब्दही नाही, आणि हीच खरी काळजीची गोष्ट आहे.

जुन्या वैद्यांचे निरीक्षण मात्र बारीक होते. चरकसंहितेत कामलेच्या, म्हणजे काविळीच्या, रोग्याचे डोळे, त्वचा, नखे आणि चेहरा हळदीसारखा होतो असे सांगितले आहे, आणि उदररोगाच्या, म्हणजे पोट फुगण्याच्या आजाराच्या, पूर्वरूपात (आधीच्या लक्षणांत) पोटावरच्या वळ्या जाऊन रेषा उमटतात अशीही नोंद आहे. युरोपात १८१९ साली फ्रेंच वैद्य लेनेक यांनी अशा निबर झालेल्या यकृताच्या पिवळसर-तपकिरी रंगावरून ‘सिरोसिस’ हे नाव दिले.

छाती-खांद्यांवर कोळ्याच्या पायांसारख्या पसरणाऱ्या बारीक लाल रक्तवाहिन्या, लाल तळहात, पुरुषांच्या काखेतले, छातीवरचे आणि जांघेतले केस विरळ होणे आणि स्तन वाढणे, या खुणा एकाच धाग्यात ओवल्या गेल्या त्या विसाव्या शतकात. १९४० साली अमेरिकेत ग्लास, एडमंडसन आणि सॉल यांनी यकृतविकारातील लैंगिक संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) बदलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्त्री-संप्रेरक इस्ट्रोजेनचे पुरुष-संप्रेरकाच्या तुलनेत वाढलेले प्रमाण हे तेव्हापासूनचे मुख्य स्पष्टीकरण आहे, आणि गरोदरपणातही अशाच लाल खुणा उमटून बाळंतपणानंतर बहुधा मावळतात, हे त्याला पूरक ठरते. तरीही एवढ्याने सारे उलगडत नाही; दारू वृषणांना थेटही इजा करते.

१९५४ साली रिचर्ड टेरी यांनी सिरोसिसच्या १०० रुग्णांची नखे पाहिली. त्यांपैकी ८२ जणांची नखे धुरकट काचेसारखी पांढरी होती आणि फक्त टोकाला गुलाबी पट्टी उरली होती. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५६ साली, औरंगाबादचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि १९७४ साली अंबाजोगाईचे. तिथे शिकणाऱ्यांच्या हाती आलेली पाश्चात्त्य वर्णने मुख्यतः गोऱ्या त्वचेवर बेतलेली होती. उन्हात रापलेल्या सावळ्या अंगावर लाल जाळी सहज दिसत नाही. मधला ठिपका दाबून सोडला की रक्त मध्यातून बाहेर पुन्हा भरते, ते चांगल्या उजेडात नीट निरखावे लागते. नखांचा पांढरेपणा आणि काखेतले विरळ झालेले केस मात्र सावळ्या अंगावरही तेवढेच स्पष्ट दिसतात.